जंतांवर काम सुरू करायचंय? इंदूरात बसून लेंडीपासून पीसीआरपर्यंत

होळकर सायन्स कॉलेजातला असो, खंडवा रोडच्या कॅम्पसवरचा असो नाहीतर महूच्या व्हेटरनरीचा, नवीन आलेला प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात एकच विचारतो, पीसीआर कधी करायला मिळेल? मिळेल हो. पीसीआर, म्हणजे डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या भरपूर प्रती काढणं, चार-आठ दिवसांत हाताला बसतं. वेळ लागतो तो नमुना कुठून, कसा, किती वाजता घेतला याचं भान यायला, आणि भिंगाखाली दिसतंय ते नक्की काय आहे हे कळायला. तिथेच गडबड झाली की पुढे लाखाचं मशीन लावा, उत्तर चुकीचंच येणार, फक्त जरा सुबक ग्राफमध्ये येणार.

म्हणून मी इथे सगळं एकाच जंताला धरून सांगते: हिमोंकस कॉन्टॉर्टस. शेळ्या-मेंढ्यांच्या चौथ्या पोटात, म्हणजे अबोमेझममध्ये राहतो, रक्त पितो, माळव्यात पावसाळा लागला की हाच सगळ्यात जास्त त्रास देतो, आणि मुख्य म्हणजे सहज मिळतो. मादी दोन-तीन सेंटिमीटरची, नुसत्या डोळ्यांनी दिसते, रक्ताने भरलेलं लाल आतडं आणि त्याच्याभोवती पिळून बसलेले पांढरे अंडाशय. एकदा बघितला की विसरत नाही. एक मादी दिवसाला ५ ते १० हजार अंडी घालते आणि एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिली रक्त खातो, म्हणजे हजार जंत असले तर रोज ५० मिली गेलं, करडाच्या जिवाला हे झेपत नाही.

आधी कागद

जिवंत जनावरावर प्रयोग करायचा असेल, म्हणजे टोचायचं, मुद्दाम जंत पाजायचे वगैरे, तर संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी लागते, त्याशिवाय हातच लावायचा नाही. माणसाची विष्ठा किंवा रक्त घ्यायचं तर वेगळी समिती, वेगळा संमतीचा फॉर्म. खाटकाकडून आलेलं पोट किंवा गोठ्यात पडलेल्या लेंड्या यांचं तसं सोपं असतं, तरी गाइडला विचारून आपल्या संस्थेचा नियम काय तो लेखी घ्या, कारण दोन वर्षांनी पेपर पाठवताना एडिटर विचारतो तेव्हा धावपळ होते.

सेफ्टीचं एकच ठासून सांगते. कुत्र्याच्या विष्ठेला नवशिक्याने हात लावायचा नाही. त्यात एकायनोकोकसची अंडी असू शकतात, ती माणसाच्या पोटात गेली की लिव्हरमध्ये हायडॅटिडची गाठ होते. ज्या लॅबमध्ये असे नमुने तपासतात तिथे ते आधी उणे ८० डिग्रीला काही दिवस ठेवून मगच उघडतात. शेळीच्या लेंडीत एवढी भीती नाही, पण ग्लोव्ह्ज, एप्रन आणि वेगळी भांडी हवीतच. घरातली चहाची गाळणी आणू नका, बर्तन बाजारातून नवीन घ्या आणि तिच्यावर मार्करने मोठं लिहून ठेवा, नाहीतर लॅबमध्येच कोणीतरी त्याच गाळणीने चहा गाळेल, माणसं काय करतील सांगता येत नाही.

लेंड्या गोळा करणं

जमिनीवरच्या लेंड्या उचलू नका. कुठल्या शेळीच्या ते कळत नाही, आणि मातीतले स्वतंत्र राहणारे सूत्रकृमी त्यात शिरलेले असतात, नवशिका त्यांनाच परजीवी समजून नाव देऊन मोकळा होतो. थेट गुदद्वारातून ग्लोव्ह घातलेल्या बोटाने घ्यायच्या, १० ग्रॅम पुरतात, पिशवीतली हवा दाबून काढायची, आणि लेबल पिशवीवर, झाकणावर नाही. लेबलवर शेळीचा नंबर, वय, गाभण आहे का, शेवटचं जंताचं औषध कधी आणि कोणतं पाजलं, गाव, तारीख, वेळ. औषधाचं नाव मालकाला आठवत नसेल तर रिकामी बाटली दाखवायला सांगा, बहुतेक वेळा गोठ्याच्या कौलात खोचलेली सापडते.

आता वेळ का म्हणते. या अंड्यातून २४ तासांत अळी बाहेर पडू शकते, आणि इंदूरचा मे महिना म्हणजे तुम्हाला माहितीये. बाइकच्या डिकीत पिशवी तीन-चार तास राहिली की अंड्यांतून अळ्या तयार व्हायला लागतात, दुसऱ्या दिवशी मोजणी कमी येते आणि तुम्ही म्हणता औषध काय छान लागू पडलं! म्हणून बर्फाचा डबा. पण, आणि हे पुस्तकात पटकन सापडत नाही, त्याच नमुन्यातून अळ्या वाढवायच्या असतील तर तो भाग फ्रिजमध्ये टाकू नका, हिमोंकसच्या अंड्यांना थंडी सोसत नाही, नंतर कल्चरमध्ये हिमोंकस कमी आणि बाकीचे जास्त असं खोटं चित्र दिसतं. नमुन्याचे दोन भाग करा, मोजणीचा गार, कल्चरचा सावलीत.

मॅकमास्टर, शांतपणे

लेंडीतली अंडी मोजायची सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची पद्धत, खास मोजणीच्या रेषा असलेल्या स्लाइडवर. मिठाचं संपृक्त पाणी करायचं, लिटरभर पाण्यात ४०० ग्रॅम मीठ, कोमट करून ढवळायचं, तळाशी थोडं मीठ उरलं पाहिजे, उरलं नाही तर अजून टाका. याची घनता १.२ च्या आसपास येते आणि गोल जंतांची अंडी त्यात वर तरंगतात. ४ ग्रॅम लेंड्या ५६ मिली मिठाच्या पाण्यात कुस्करा, गाळा, ढवळत ढवळतच पिपेटने उचला आणि मॅकमास्टर स्लाइडच्या दोन्ही कप्प्यांत भरा. ढवळणं थांबवून उचललंत तर अंडी आधीच वर गेलेली असतात, म्हणजे तुम्ही नेमकं खालचं, रिकामं पाणी भरता.

पाच मिनिटं थांबा. मग दहाच्या ऑब्जेक्टिव्हने वरच्या काचेवरच्या रेषांवर फोकस करा. नवीन मुलं तळाशी फोकस करून बसतात आणि सांगतात मॅडम काहीच नाही. हवेचे बारीक बुडबुडे जिथे काळ्या कडेचे, स्पष्ट दिसतात ना, अंडी त्याच पातळीवर असतात. हिमोंकसचं अंडं लांबट गोल, पातळ कवचाचं, ७० ते ८५ मायक्रॉन लांब, आत पेशींचा गोळा. त्याच्याहून लहान, चकचकीत कडेचे ते बहुतेक कॉक्सिडिया या एकपेशी परजीवींचे ऊसिस्ट (अंड्यासारख्या कोशिका), ते वेगळे मोजा. दोन टोकांना बुचं असलेलं ते ट्रायक्युरिस, हाही एक गोल जंतच. तिकोनी-चौकोनी, आत पेअरच्या आकाराची पिशवी दिसतेय ते मोनिएझिया, म्हणजे फीतकृमी. लहान अंडं आणि आत अळी वळवळतेय तर स्ट्राँगिलॉइडिस. परागकण आणि किड्यांची अंडीही भेटतील, त्यांना घाबरू नका, फोटो काढून ठेवा.

दोन्ही कप्प्यांतली अंडी मिळवा आणि ५० ने गुणा, हा आकडा म्हणजे एका ग्रॅममागची अंडी. दोन्हीत मिळून ३७ आली तर १८५०. गणित असं की एक कप्पा ०.१५ मिलीचा, दोन मिळून ०.३, आणि तुमच्या ६० मिलीत ४ ग्रॅम, म्हणजे तुम्ही ०.०२ ग्रॅम बघितलं. यातच पद्धतीची मर्यादा पण दिसते, एक अंडं चुकलं की ५० चा फरक. कमी अंडी असलेल्या नमुन्यांसाठी मिनी-फ्लोटॅक हे मोजणीचं जास्त बारकाईचं साधन घ्या, त्यात एक अंडं म्हणजे ५. आणि यकृतातल्या चपट्या जंताची, फॅसिओलाची अंडी या मिठाच्या पाण्यात नीट वर येत नाहीत, त्यांच्यासाठी साध्या पाण्यात तळाला बसू देऊन वरचं पाणी ओतायचं, पुन्हा पुन्हा. म्हशींवर काम करणाऱ्यांनी हे आधी शिकावं.

हा आकडा म्हणजे जंतांची संख्या नव्हे हेही लक्षात ठेवा. नर अंडी घालत नाही, लहान जंत घालत नाहीत, आणि शेळीची प्रतिकारशक्ती जोरात असली तर माद्याही कमी घालतात. यजमान आणि जंत ही भानगड इथूनच सुरू होते.

अंडं सांगत नाही, अळी सांगते

हिमोंकस, ट्रायकोस्ट्राँगिलस, इसोफॅगोस्टोमम, तिघांची अंडी जवळपास सारखीच. भिंगाखाली बघून ठामपणे हिमोंकस म्हणणाऱ्या सिनियरवर विश्वास ठेवू नका. अळ्या वाढवा. लेंड्या कुस्करून ओलावा असा ठेवायचा की भाकरीच्या पिठापेक्षा जरा सैल, मूठ दाबली तर आकार राहील पण पाणी गळणार नाही. काचेच्या बरणीत अर्ध्यापर्यंत भरा, झाकण सैल, बीओडीमध्ये (ठराविक तापमान राखणाऱ्या कपाटात) २५ ते २७ डिग्री, ७ ते १० दिवस. रोज झाकण उघडून हवा द्या, बुरशी येईल, थोडी येऊ दे.

अळ्या काढायला फनेलची बेअरमन पद्धत आहे, म्हणजे मलमलीत बांधून कोमट पाण्यात टांगायचं, अळ्या बाहेर येतात पण त्यांना पोहून वर जाता येत नाही म्हणून खाली नळीत जमतात. याहून सोपं हवं तर बरणी काठोकाठ पाण्याने भरा, वर पेट्री डिश ठेवा, झटकन उलटी करा, डिशमध्ये भोवती थोडं पाणी ओता आणि रात्रभर ठेवा, सकाळी ते पाणी उचला. हे आमच्याकडे सगळ्यांना जास्त आवडतं कारण फनेलची रबरी नळी गळतेच.

तिसऱ्या टप्प्यातली अळी दुसऱ्या टप्प्याची कात अंगावर म्यानासारखी ठेवते, आणि ओळख त्या म्यानाच्या शेपटीत असते. ट्रायकोस्ट्राँगिलसची शेपटी आखूड, हिमोंकसची मध्यम आणि टोकाकडे जरा वाकलेली, इसोफॅगोस्टोममची लांबच लांब दोऱ्यासारखी. म्यानच नाही आणि अन्ननलिका जवळपास अर्ध्या शरीराएवढी, तर स्ट्राँगिलॉइडिस. अळ्या थांबत नाहीत, एक थेंब आयोडीन टाका, मरतात आणि रंगतातही. १०० अळ्या मोजून टक्केवारी काढा.

मोठे जंत

खाटकाला आधी सांगून ठेवा, चौथं पोट दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधून द्यायचं. जरा ओळख झाली की देतात, वर चार गोष्टीही सांगतात. लॅबमध्ये बाहेरच्या वळणावरून कापा, आतलं सगळं बादलीत, भिंत कोमट सलाइनने धुवा, चाळणीवर घ्या आणि काळ्या ट्रेमध्ये बघा. जंत निवडून तीन-चार वेळा सलाइनमध्ये धुवा कारण शेळीचं रक्त आणि पेशी चिकटलेल्या असतात, पुढे डीएनए काढाल तेव्हा त्याच आधी दिसतील.

मग वाटणी करायची, आणि ती लगेच करायची. डीएनएसाठी ९५ टक्क्यांच्या वरचं इथेनॉल, आणि दुसऱ्या दिवशी इथेनॉल बदला कारण जंतातलं पाणी सुटून ते पातळ होतं. आरएनएसाठी आरएनएलेटर (आरएनए टिकवणारं द्रावण) किंवा द्रव नायट्रोजन, तेही मिनिटांत. फॉर्मलिन फक्त रचना बघायला, फॉर्मलिनमधल्या जंताचा डीएनए नीट निघत नाही, आणि तरी दरवर्षी कुणीतरी अख्खा संग्रह फॉर्मलिनमध्ये घालून येतो. रचना बघायला लॅक्टोफिनॉलमध्ये जंत पारदर्शक होतो, पण ते फ्यूम हुडमध्ये करा. नराचा मागचा पिसारा आणि स्पिक्यूल (समागमाच्या काट्या), मादीची योनीजवळची झडपेसारखी घडी, एवढं बघितलं तरी ओळख पक्की होते.

एक खाचखोच. जनुकीय काम करायचं असेल तर नर घ्या. मादीच्या पोटात शेकडो अंडी असतात, ती एकाहून जास्त नरांपासूनची असू शकतात, म्हणजे एक मादी कुस्करली तर तुम्ही आख्खं खानदान एका ट्यूबमध्ये घातलंत. मादीच घ्यायची असेल तर फक्त डोक्याकडचा तुकडा कापा, उरलेली मादी नंबर टाकून बाटलीत ठेवा.

आता पीसीआर

इथेनॉल पूर्ण उडू द्या, प्रोटिनेज के (प्रथिनं फोडणारं एन्झाइम) टाकून ५५-५६ डिग्रीला रात्रभर, मग डीएनए गाळून घ्यायला किटचा कॉलम. ओळखीसाठी आयटीएस-२ हा डीएनएचा भाग वापरतात, प्रायमर (तो भाग पकडणारे छोटे डीएनए-तुकडे) एनसी-१ आणि एनसी-२, १९९३ पासून चालत आलेत आणि बहुतेक सगळ्या स्ट्राँगिलिड जंतांवर चालतात. जेलवर सव्वातीनशे बेसपेअरच्या आसपास बँड. दर वेळी एक ट्यूब जंताशिवाय, फक्त पाणी. त्यात बँड आला तर सगळं फेकायचं, "हलकासा आहे चालेल" असं काही नसतं. डायरेक्ट लेंडीतून डीएनए काढत असाल तर वनस्पतींचे घटक पीसीआर अडवतात, नमुना दहापट पातळ करून बघा, बऱ्याचदा तेवढ्यानेच चालू होतो.

सीक्वेन्स आला की ब्लास्ट करा, म्हणजे जगभरच्या साठ्यातल्या सीक्वेन्सशी जुळवून बघा, पण पहिल्या ओळीवर भाळू नका. शेळी-मेंढीतला हिमोंकस कॉन्टॉर्टस आणि गाई-बैलांत जास्त सापडणारा हिमोंकस प्लेसी यांच्या आयटीएस-२ मध्ये २३१ पैकी फक्त ३ बेसचा फरक आहे, तेव्हा क्रोमॅटोग्रामची (सीक्वेन्सिंगच्या आलेखाची) ती तीन शिखरं स्वतः डोळ्यांनी बघा.

एका नमुन्यात कुठले जंत किती टक्के हे शंभर नमुन्यांसाठी हवं असेल तर हाच भाग इल्युमिना या मशीनवर एकदम लाखो वेळा वाचतात (डीप सीक्वेन्सिंग), त्याला निमाबायोम म्हणतात, २०१५ मध्ये गाईगुरांच्या जंतांवर आलं. नमुने बाहेर पाठवून करून घेता येतं, मशीन आपल्याकडे असायलाच पाहिजे असं नाही.

औषध लागू पडत नाही, हे कसं दाखवायचं

इथल्या शेळीवाल्यांना खरं हेच पाहिजे असतं. तीन पातळ्यांवर बघता येतं. गोठ्यात: शेळ्या वजनकाट्यावर घालून वजनाप्रमाणे औषध पाजा, अंदाजाने नाही, आधी मोजणी, १४ दिवसांनी पुन्हा मोजणी, आणि घट ९५ टक्क्यांच्या खाली असली तर संशय. लॅबमध्ये: अंडी काढून थायाबेंडाझोलच्या (अल्बेंडाझोलच्याच गटातल्या औषधाच्या) वेगवेगळ्या तीव्रतेत ठेवा आणि किती फुटतात ते मोजा, ०.१ मायक्रोग्रॅम प्रति मिलीच्या वर निम्मी अंडी फुटत असतील तर प्रतिरोध. यात अंडी ताजी, दोन-तीन तासांच्या आतली हवीत. आणि जनुकात: बीटा-ट्यूब्युलिन या जनुकाच्या २०० व्या कोडॉनमध्ये (तीन अक्षरांच्या गटात) टीटीसीचं टीएसी झालं की फिनाइलअलॅनिनच्या जागी टायरोसिन येतं आणि अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल त्या जंतावर काम करेनासे होतात, दोन्ही प्रती बदललेल्या असल्या तर. १६७ आणि १९८ हे कोडॉन पण तपासा. हे साध्या पीसीआरने होतं, सीक्वेन्सिंगसुद्धा लागत नाही. आयव्हरमेक्टिनसाठी मात्र अशी एक सोपी खूण हातात नाही, तिथे अजून गोठ्यातलीच मोजणी.

ज्यांना प्राणी-मंजुरीची वाट बघवत नाही त्यांनी सी. एलेगन्स हा बारीक सूत्रकृमी घ्यावा. परजीवी नाही, अगार प्लेटवर ई. कोलाय खाऊन राहतो, २० डिग्रीला साधारण तीन दिवसांत नवी पिढी. १९९५ मध्ये हिमोंकसचं बीटा-ट्यूब्युलिन याच किड्यात घालून दाखवलं होतं की औषधाला दाद देणं किंवा न देणं त्या जनुकावर अवलंबून आहे. फक्त एप्रिल-मेमध्ये लॅबची लाइट गेली आणि बीओडी बंद पडला की प्लेट्स संपल्या समजा, तापमान चढलं की यांना पिल्लं होत नाहीत. स्टॉक उणे ८० ला गोठवून ठेवा, पुन्हा जिवंत होतो.

शेळीची बाजू

जंतवाले लोक यजमानाला विसरतात, ही माझी जुनी तक्रार आहे. लेंडी घेतलीत त्याच दिवशी खालची पापणी ओढून बघा, लाल ते पांढरी अशा पाच रंगांचा "फमाचा" (FAMACHA) नावाचा तक्ता मिळतो, पांढऱ्याकडे झुकली तर रक्त कमी. जबड्याखाली पाणथळ सूज आहे का ते चाचपा. रक्त घेता आलं तर ते बारीक काचेच्या नळीत (कॅपिलरीत) भरून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा आणि पीसीव्ही, म्हणजे रक्तातल्या पेशींचा टक्का काढा, निरोगी शेळीत साधारण २२ ते ३८ टक्के. एकाच कळपात सारखीच अंडी टाकणाऱ्या दोन शेळ्यांपैकी एकीचा पीसीव्ही १४ आणि दुसरीचा २८ असू शकतो, आणि तुमचा प्रश्न तिथे सुरू होतो.

पुढे शेळीची प्रतिकारशक्ती बघायला सीरम घेऊन एलायझा (प्रतिपिंडं मोजायची चाचणी), रक्ताच्या स्मिअरवर इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी, पोटाच्या भिंतीतून आरएनए काढून आयएल-४, आयएल-१३ या संदेश-प्रथिनांची जनुकं क्यूपीसीआरवर (प्रमाण मोजणाऱ्या पीसीआरवर). खाटकाकडून आलेल्या पोटाचा आरएनए वाटेतच तुटलेला असतो, तेव्हा तिथेच उभं राहून तुकडा ट्यूबमध्ये टाकायची तयारी असेल तरच हा नाद करा. मेंढीच्या पोटाच्या मूळपेशींपासून ऑर्गेनॉइड (बशीत वाढवलेला छोटा अवयव) वाढवून त्यात जंत सोडायचं कामही बाहेर चाललंय, वाचायला फार मजेचं आहे, पहिल्या वर्षाला झेपणारं नाही.

आणि जीवनचक्र पाठ पाहिजे, घोकून नाही, समजून. आपल्या झाबुआ-धारकडच्या जुन्या माणसांना नारू आठवतो, पायातून हातभर लांब जंत निघायचा. त्याच्यावर ना लस निघाली ना जंत मारणारं औषध, नारूची अळी ज्याच्या अंगातून माणसात जाते तो पाण्यातला बारीक किडा, सायक्लोप्स, गाळायचा आणि पायऱ्यांच्या बावड्यांत कुणी उतरायचं नाही, मुख्यतः अशा उपायांवर भारत २००० साली नारूमुक्त जाहीर झाला.

नोंदी

सीक्वेन्स जेनबँकेत, म्हणजे सगळ्यांना खुल्या सीक्वेन्सच्या साठ्यात, टाकताना यजमान, अवयव, तारीख आणि जागा हे रकाने भरा. जागेत नुसतं भारत लिहू नका, इंदूर, आणि जमलं तर गाव, अक्षांश-रेखांशासकट. ज्या जंताचा तुकडा कापला त्याचा उरलेला भाग बाटलीत, बाटलीच्या आत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी, कारण इथेनॉल सांडलं की बाहेरचं मार्करचं अक्षर पुसतं. मोजणीची वही रोजच्या रोज एक्सेलमध्ये, गुणाकार केलेला आकडा नाही तर स्लाइडवर प्रत्यक्ष दिसलेली अंडी लिहायची, ५० ने गुणायचं काम नंतर एक्सेल करेल. आणि शेळीच्या मालकाला कोणतं औषध चाललं नाही ते फोन करून सांगा, पुढच्या पावसाळ्यात नमुने तिथूनच घ्यायचेत.